पाइनचे लाकूड : त्याचे गुणधर्म व आपला व्यवसाय
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. आम्ही शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेले, त्यावर अध्यापनाची पदविका घेऊन सारा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेले. मोठ्या तत्त्वज्ञानाचा अधिकार आमचा नव्हे. परंतु सुताराच्या घरी जन्म झाला आणि मुलांस वस्तुपाठ शिकविण्याची सवय जडली, म्हणून एका लाकडाचा वस्तुपाठ आज आपणांपुढे मांडावा असे ठरविले. ते लाकूड म्हणजे पाइन. ज्यास आपल्या आळीत पूर्वापार 'देवदार' किंवा नुसते 'खोक्याचे लाकूड' म्हणतात, तेच हे.

हा विषय निवडण्यास एक घरगुती कारण घडले. आमचा एक भाचा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ लाकडी पेट्या व पॅलेट बनविणाऱ्या कारखान्यात कामास आहे. दोन वर्षांपूर्वी त्यास एक चांगले स्थळ सांगून आले होते. बैठकीत विचारणा झाली, "मुलगा काय करतो?" कोणीतरी उत्तर दिले, "रांजणगावला खोकी ठोकतो." त्यावर पाहुण्यांतील एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "सुताराचा मुलगा आणि खोकी ठोकतो?" ते स्थळ फिरले ते फिरलेच. त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. कारण खरे सांगावयाचे तर हेच वाक्य त्याआधी आम्ही स्वतः त्या मुलास त्याच्या आईदेखत ऐकविले होते. आपण ज्यास हिणवितो ते काम व ते लाकूड आहे तरी कसे, याची विचारपूस मात्र आम्ही कधी केली नव्हती. ती का करावी लागली, हे पुढे ओघाने येईल.

नावाचा घोटाळा

प्रथम नावाचा उलगडा करू. खरा देवदार हा हिमालयातील वृक्ष. त्याचे लाकूड सुगंधी, तेलकट व टिकाऊ असते. वाळवी त्यास सहसा शिवत नाही. पाइन हा निराळा वृक्ष होय. हिमालयाच्या खालच्या उतारांवर जो पाइन होतो त्यास चीड अथवा चीर म्हणतात. त्याहून उंचावर होतो तो कैल. संस्कृतात चिडास 'सरल' असे नाव आहे, आणि 'कुमारसंभवा'च्या आरंभीच्या हिमालयवर्णनात कालिदासाने या सरल वृक्षांचा उल्लेख केला आहे. खोड सरळ, म्हणून नाव सरल.

मग आपल्याकडे घोटाळा कसा झाला? उत्तरेकडून फळांची व परदेशातून यंत्रसामग्रीची जी खोकी येत, ती चीड, कैल, फर, स्प्रूस अशा नाना जातींच्या फिक्या लाकडांची असत. बाजाराने त्या सर्वांस सरसकट 'देवदार' हे एकच नाव देऊन टाकले. नावाने माल विकला गेला, पण गुण काही नावाबरोबर आला नाही. देवदार समजून पाइन घ्यावयाचा व तो कुजला की देवदारास नावे ठेवावयाची, असा अन्याय आपण या दोन्ही वृक्षांवर करीत आलो आहोत.

शिरूर-दौंडच्या वखारींत जे पाइन दिसत आले, त्यातील पुष्कळसे न्यूझीलंड देशातून आलेले. त्याची जात 'रेडिएटा पाइन'. या वृक्षाचे मूळ घर अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा. पण न्यूझीलंडने गेल्या शतकात त्याची अफाट लागवड केली, आणि आता त्या देशाच्या लागवडीच्या वनांत सुमारे नऊ दशांश वाटा या एकट्या वृक्षाचा आहे. पंचवीस ते तीस वर्षांत झाड तोडणीस येते. सागास याच्या दुपटीहून अधिक काळ लागतो. हे ओंडके जहाजांतून गुजरातेतील कांडला बंदरात उतरतात, गांधीधामच्या गिरण्यांत त्यांच्या फळ्या पडतात आणि तेथून मालमोटारींनी आपल्याकडे येतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने देशातील वनांच्या तोडीवर कडक निर्बंध घातले, तेव्हापासून परदेशी लाकडाचे महत्त्व अधिकच वाढले. घोडनदीच्या काठची बाभूळ तोडून नांगर घडविणाऱ्या आमच्या वडिलांस कोणी सांगितले असते की, पुढे तुमचा नातू सातासमुद्रांपलीकडचे झाड चिरील, तर त्यांनी त्या माणसास वेड्यात काढले असते!

मृदुकाष्ठ म्हणजे काय?

शास्त्रज्ञ लाकडाचे दोन वर्ग करतात, मृदुकाष्ठ व कठीणकाष्ठ. येथे एक गंमत लक्षात ठेवावी. हा भेद हाताला लागणाऱ्या मऊपणावरून केलेला नाही. तो झाडाच्या जातीवरून केलेला आहे. सुईसारखी पाने असणारे, फळांऐवजी शंकू धरणारे जे वृक्ष, त्यांचे लाकूड ते मृदुकाष्ठ. रुंद पानांचे व फुलाफळांचे जे वृक्ष, त्यांचे ते कठीणकाष्ठ. या हिशेबाने आपल्या बांधावरील पांगारा आणि काटेसावर हे दोन्ही कठीणकाष्ठांत मोडतात, यद्यपि ती लाकडे पाइनहून कितीतरी मऊ आहेत. तेव्हा 'मृदुकाष्ठ' हा शब्द ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही.

आतील रचनेतही भेद आहे. साग किंवा बाभूळ आडवी कापून भिंगातून पाहिली तर बारीक छिद्रे दिसतात. त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या होत. पाइनमध्ये अशा नळ्या नाहीत. तेथे लांबट, पोकळ तंतुपेशीच पाणी वाहण्याचे व झाडास उभे धरण्याचे अशी दोन्ही कामे करतात. म्हणून पाइनचा पोत एकसारखा असतो, रंधा सरळ चालतो आणि करवतीस धार लावण्याचे काम कमी पडते. फळीवर ज्या फिक्या व गडद रेघा दिसतात, ती वार्षिक वलये. वाढीच्या हंगामाच्या आरंभी झाड झपाट्याने वाढते, तो फिका व मऊ भाग. हंगामाच्या शेवटी वाढ मंदावते, तो गडद व टणक भाग. वलये जवळजवळ असतील तर लाकूड भरीव समजावे. फार रुंद असतील, आणि फळी ओंडक्याच्या अगदी मध्यातली असेल, तर ती दुबळी व वाकडी होणारी समजावी.

वजन, ओल आणि बळ

आता तराजू घेऊ. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलो भरते. तेवढेच वाळलेले रेडिएटा पाइन साधारण १३ ते १४ किलो भरेल, साग १८ किलोच्या आसपास, आणि बाभूळ २२ किलोच्या पुढे. सहा फूट लांब, सहा इंच रुंद व एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. ती पाइनची असेल तर साडेतीन किलोच्या आत, सागाची साडेचार किलो, बाभळीची साडेपाच किलोच्या वर. खोके स्वतः जितके हलके, तितके वाहतुकीचे भाडे कमी. पेटीस पाइनच का वापरतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर बळाचे. वजनाच्या मानाने पाइन चांगलेच बळकट असते. बैलगाडीचा तुंबा किंवा आरे त्याचे करता येणार नाहीत, हे खरे. कारण चाकास घाव, धक्का व घर्षण सोसावे लागते आणि तेथे बाभळीस तोड नाही. परंतु स्थिर ओझे पेलावयाचे असेल तर पाइनची फळी आपले काम चोख बजावते. खिळा तिच्यात सहज बसतो व नीट धरला जातो. मात्र दोन पथ्ये पाळावीत. फळीच्या टोकाजवळ खिळा मारताना आधी बारीक छिद्र पाडावे, नाहीतर फळी फाटते. आणि फळीच्या कापलेल्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने, मारलेल्या खिळ्यावर भरवसा ठेवू नये. तो उपटून येतो.

तिसरी गोष्ट ओल. ओले लाकूड वाळू लागले की प्रथम पेशींच्या पोकळीतले पाणी जाते, आणि तोवर लाकूड आकसत नाही. जलांश सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की मग आकसणे सुरू होते. लांबीत ते नगण्य असते. रुंदीत मात्र जाणवते, आणि वलयांच्या रेषेने ते वलयांच्या आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट होते. फूटभर रुंदीची ओली फळी वापरण्याजोगी वाळेपर्यंत पाव ते अर्धा इंच आटू शकते. कांडल्याची दमट हवा व शिरूर-दौंडची वैशाखातील कोरडी हवा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिकडून आलेली फळी त्याच आठवड्यात दारास लावली तर मे महिन्यात फटी पडणार आणि मृगाच्या पावसानंतर तीच दारे अडकणार. मग गिऱ्हाईक सुतारास शिव्या देते. भट्टीत वाळवून जलांश १२ टक्क्यांपर्यंत आणलेले लाकूड घ्यावे. तेही सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचून आपल्या हवेस सरावू द्यावे आणि मग हात लावावा.

गाठी आणि राळ

पाइनच्या फळीवर गाठी असतात. झाडाची फांदी जेथे होती ती ही जागा. गाठीभोवती रेषा वळतात व तेथे बळ तुटते. फळी आडवी टाकून तिच्यावर ओझे ठेवावयाचे असेल, तर खालच्या अंगास ताण पडतो. म्हणून मोठी गाठ खालच्या कडेस येऊ देऊ नये. वरच्या अंगास आलेली बरी. एवढी एक गोष्ट पाहून फळी फिरविली तर शिडी, माळा व पॅलेट यांचे आयुष्य वाढते.

दुसरे, पाइनमध्ये राळ असते. चिडाच्या खोडास चिरा देऊन जो चीक काढतात त्यापासूनच टर्पेंटाइन व राळ मिळते. हीच राळ फळीच्या गाठींत उरलेली असते, व उन्हात तापली की रंगातून पिवळा डाग होऊन बाहेर पडते. यावर उपाय जुनाच आहे. रंगाचा पहिला हात देण्यापूर्वी गाठींवर चपड्याच्या लाखेचे पॉलिश दोनदा फिरवावे. काही फळ्यांवर निळसर पट्टे दिसतात. ती ओल्या लाकडावर आलेली बुरशी. तिने शोभा जाते, बळ फारसे जात नाही. पण ही फळी काही काळ ओली पडून होती, एवढी साक्ष तो निळा डाग देतो.

आमची फजिती

आता पाइनचा मोठा दोष, आणि त्यासोबत आमचा. २०१९ साली आम्ही सेवानिवृत्त झालो. ज्या शाळेत शेवटची वर्षे काढली, त्या शाळेस एक ग्रंथकपाट भेट द्यावे अशी इच्छा झाली. भंगारवाल्याकडून मोठ्या खोक्यांच्या फळ्या घेतल्या. वडिलांची करवत, रंधा, पटाशी व गुण्या घरात होतेच. भाच्याने एकदा सुचविले होते, "मामा, कपाट करण्याआधी मला एकदा लाकूड दाखवा." आम्ही उत्तर दिले, "खोकी ठोकणाऱ्याने सुताराच्या मुलास शिकवू नये." कपाट सुबक झाले. फळ्यांवर काळा शिक्काही होता. 'प्रक्रिया केलेले लाकूड आहे,' असे आम्ही मुख्याध्यापकांस अभिमानाने सांगितले. ते कपाट पश्चिमेच्या भिंतीस लावून थेट फरशीवर ठेवले व गावातून जमविलेली दीडशे पुस्तके त्यात रचली.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाली, आणि कपाटही बंद राहिले. दोन पावसाळे गेले. शाळा पुन्हा भरली तेव्हा आम्ही हौसेने गेलो व दार उघडले. खालचे दोन खण हातातच भुगा होऊन आले. भिंतीच्या ओलीतून वाळवीने मातीच्या नळ्या चढविल्या होत्या. पाठीच्या फळ्या आतून पोकळ झाल्या होत्या, आणि साठ-एक पुस्तके चाळणीसारखी झाली होती. त्यांत एका गरीब आजींनी आपल्या दिवंगत मुलाची म्हणून दिलेली सात पुस्तके होती. त्या आजी अद्याप हयात आहेत. त्यांना आम्ही स्वतः जाऊन सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही तरी काय करणार?" बंधूंनो, करता येण्याजोगे पुष्कळ होते, हेच आमचे दुःख आहे.

भाचा आला, त्याने शिक्का पाहिला व शांतपणे म्हणाला, "मामा, हा शिक्का लाकूड टिकण्याचा नव्हे. आत कीड नाही, एवढेच तो सांगतो." त्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर त्याच्या कारखान्यात गेलो व साठीच्या वयात विद्यार्थी होऊन बसलो.

शिक्क्याचा अर्थ

तो शिक्का समजून घेणे प्रत्येक घरास आवश्यक आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. लाकडी खोक्यांतून एका देशाची कीड दुसऱ्या देशात जाते. १९९६ साली न्यूयॉर्क शहरात आशियातील एक लांब मिशांचा भुंगा सापडला आणि त्याच्या निवारणासाठी पुढे हजारो झाडे तोडावी लागली. अशा अनुभवांवरून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. तो असा : ६ मिलिमीटरपेक्षा जाड कच्च्या लाकडाची पेटी किंवा पॅलेट परदेशी धाडावयाची असेल, तर लाकडाच्या थेट गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णता सलग ३० मिनिटे पोहोचली पाहिजे. भाच्याच्या कारखान्यात त्यासाठी बंद खोली आहे. लाकडाच्या गाभ्यात तापमापकाच्या तारा खुपसतात व त्याची नोंद ठेवतात. नंतर शिक्का मारतात. त्यात गव्हाच्या लोंबीचे चित्र, देशाची अक्षरे (आपली 'आयएन'), कारखान्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असते. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेली. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली.

उष्णतेने आतली कीड मरते, पण नंतर येणाऱ्या वाळवीस मज्जाव होत नाही. आमची चूक नेमकी येथे झाली. उष्णता दिलेले लाकूड म्हणजे वाळविलेले लाकूड, असेही नव्हे.

भगिनींस एक कळकळीची विनंती. कारखान्यांतून टाकून दिलेल्या फळ्या आपल्याकडे चुलीत व बंबात सर्रास घालतात. 'एमबी' शिक्का असलेले लाकूड घरात वापरू नये, जाळू नये. हिरवट झाक असलेले औषधी लाकूडही जाळू नये. त्यात बहुधा तांबे, क्रोमियम व सोमल असतो, आणि त्याची राखसुद्धा विषारी. कुरकुंभकडील रासायनिक पिंपे ज्या पॅलेटवर ठेवलेली असतात त्यांवर काय सांडले असेल याचा नेम नसतो. त्यांवर कोणताही शिक्का असो, त्या स्वयंपाकघरापासून व बाळाच्या पाळण्यापासून दूरच ठेवाव्यात.

टिकाऊपणावरील उपाय

औषध न दिलेले रेडिएटा पाइन मातीत पुरले तर पाच वर्षेही टिकत नाही. परंतु याच लाकडाचा दुसरा गुण असा की, ते औषध भराभर पिते. साग औषध पीत नाही, कारण त्यास त्याची गरज नाही. पाइन ते तहानलेल्यासारखे पिते. बंद टाकीत दाबाखाली औषध भरले की तेच लाकूड कित्येक पटींनी टिकते. आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, तांबे, क्रोमियम व सोमल यांचे हे जगप्रसिद्ध औषध १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम् या भारतीय शास्त्रज्ञाने शोधून काढले. त्यातील सोमलामुळे घरगुती कामासाठी त्याचा वापर अमेरिकेसारख्या देशांनी पुढे थांबविला व दुसरी औषधे आली. तथापि वाट दाखविली ती आपल्या माणसाने.

दौंडकरांस तर ही विद्या नवी नाही. पुण्याहून दौंडवरून दिक्साळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, आणि दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली. त्या आरंभीच्या काळात हिंदुस्थानातील रेल्वेसाठी युरोपातून डांबरी तेल पाजलेले पाइनचे स्लीपर जहाजांनी येत. पुढे हिमालयातील देवदार व चीड नद्यांतून वाहत खाली येऊ लागले. नऊ फूट लांब, दहा इंच रुंद, पाच इंच जाड अशा त्या स्लीपरवरून गाड्या धावल्या. आता त्यांची जागा काँक्रीटने घेतली आहे. पण ज्यास आपण खोक्याचे लाकूड म्हणून हिणवितो, त्याच्या जातभाईंनी एके काळी आगगाडीचा भार वाहिला, हे विसरू नये.

घरगुती वापरासाठी उपाय साधे आहेत. पाइन जमिनीस टेकू देऊ नये. खाली दगड, वीट किंवा लोखंडी पाय द्यावेत. भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे. कापलेल्या टोकांस रंग दोनदा द्यावा, कारण ओल तेथूनच शिरते. आणि वर्षातून दोनदा कपाट ओढून त्याची पाठ पाहावी. एवढे आम्ही केले असते, तर त्या आजींची पुस्तके वाचली असती.

उपयोग आणि आपला व्यवसाय

पाइनचे उपयोग आता थोडक्यात सांगतो. पेट्या, पॅलेट, विजेच्या तारांची मोठी रिळे, स्लॅबच्या सेंटरिंगच्या फळ्या, दारांच्या आतील चौकटी, ओतकामाचे साचे, मुलांचे बाक, मांडण्या, खाटा, छताचे अस्तर. आणि उरलेल्या भुशाचे व तुकड्यांचे दाबून केलेले तक्ते. कागदाचा लगदाही त्यापासून होतो. उंबरठा, न्हाणीघराची चौकट, गोठ्याचे खांब व शेतीची अवजारे यांस मात्र साधे पाइन वापरू नये. तेथे साग, बाभूळ व कडुनिंब हेच आपले जुने सोयरे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपले वडील बलुतेदार होते. नांगर, कुळव, पाभर व गाडी यांवर घर चाले. लोखंडी नांगर आला, ट्रॅक्टर आला, आणि ते बलुते गेले. त्यावर हळहळून पोट भरत नाही. आज शिरूरपासून सणसवाडीपर्यंत आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाताना लाकडी पेट्यांची आवारे जागोजागी लागतात. त्यांत आपली मुले आहेत, पण बहुतेक हातोडी मारणारी. चिराईचा हिशेब, जलांशाचे मोजमाप, उष्णतेची नोंद, यंत्र किती वजनाचे व त्यास पेटी कोणत्या जाडीची ही आखणी, ही कामे जो जाणतो तो मालकाच्या शेजारी बसतो. आमच्या भाच्याने पेटी आखताना आम्ही पाहिली. यंत्राचे वजन कोठे पडेल, गाठ कोठे येईल, उचलणाऱ्या गाडीचे सुळे कोठून शिरतील, हे तो कागदावर मांडीत होता. आमचे वडील चाकाचे आरे मांडताना जसा एक डोळा मिटून पाहात, तसाच तो पाहात होता. त्या क्षणी आम्हांस वाटले, वाकस बदलला, लाकूड बदलले, पण नजर तीच आहे.

म्हणून मंडळास आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत शिरूरला एक व दौंडला एक असे लाकडाच्या परीक्षेचे दोन-चार दिवसांचे वर्ग भरवावेत. वजनकाटा, जलांश मोजण्याचे यंत्र व दहा जातींचे लाकडाचे तुकडे एवढे साहित्य पुरे. दुसरी, ज्या मुलांस यांत रस असेल त्यांस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत धाडण्यासाठी शिष्यवृत्ती-निधीतून साहाय्य द्यावे. तिसरी सूचना पैशाची नव्हे. सोयरीक जुळविताना 'खोकी ठोकतो' हे शब्द आपल्या बैठकींतून हद्दपार करावेत. मुलगा निर्व्यसनी आहे काय, कामात चोख आहे काय, शिकतो आहे काय, हे जरूर विचारावे. तो कोणत्या झाडाचे लाकूड चिरतो, हे विचारू नये.

शेवटी एक कबुली. त्या कपाटाच्या जागी शाळेत आता दुसरे कपाट उभे आहे. तेही पाइनचेच. लाकूड भाच्याने निवडले, वाळविले, औषध लावले. लोखंडी पायांवर, भिंतीपासून चार बोटे दूर ते ठेवले. आम्ही फक्त रंधा मारला, तोही त्याच्या देखरेखीखाली. त्या आजींच्या हस्ते त्यात पहिले पुस्तक ठेवविले. यंदाच्या पावसाळ्यानंतर पाठ तपासली, कोरडी आहे.

भाचा आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्या आईदेखत आम्ही त्यास जे बोललो होतो, ते आज आपणा सर्वांदेखत परत घेतो.